विश्लेषण : घर वसईत, ड्युटी मुंबईत... निवासी डॉक्टर का कोमेजतात?

वसई-विरारमधील अत्यवस्थ रुग्ण मुंबईला हलवला जातो, तेव्हा मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याला प्रथम तपासणारा डॉक्टर बहुधा एमडी किंवा एमएसचा विद्यार्थी असतो. वय पंचविशी ते तिशी. हा निवासी डॉक्टर विद्यार्थीही असतो आणि रुग्णालयाचा गाडा ओढणारा कर्मचारीही. त्याच्या कामाच्या तासांचा आणि घराचा मेळ का बसत नाही, याविषयी...

‘बर्नआउट’ म्हणजे केवळ थकवा का?

नाही. थकवा झोपेने जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगवर्गीकरणात (आयसीडी-११) ‘बर्नआउट’ला आजार म्हटलेले नाही, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन, न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हटले आहे. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. डॉक्टरच्या बाबतीत दुसरे लक्षण रुग्णालाही जाणवते. नातेवाईकांवर खेकसणारा डॉक्टर मुळात उर्मट असेलच असे नाही.

नियम काय सांगतात?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९९२ च्या निर्देशांनुसार निवासी डॉक्टरचे सलग काम साधारणपणे १२ तासांहून अधिक नसावे, आठवड्याचे काम ४८ तासांचे असावे आणि आळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी. पण त्याच निर्देशांत कामाची निकड आणि डॉक्टरांची उपलब्धता पाहून तास ठरवण्याची मुभा रुग्णालय प्रशासनाला आहे. ही पळवाट पुढे राजमार्ग झाली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत वर्षाला २० दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आणि साप्ताहिक सुट्टीचा उल्लेख आहे. तासांबाबत मात्र ‘वाजवी’ एवढाच शब्द आहे. वाजवी म्हणजे किती, हे युनिट प्रमुखावर.

प्रत्यक्ष स्थिती काय?

आयोगाच्याच राष्ट्रीय कृती गटाने २०२४ च्या अहवालासाठी देशभरातील ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून माहिती घेतली. त्यांपैकी ४५ टक्के आठवड्याला ६० तासांहून अधिक काम करत होते, तर निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. गटाने आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. म्हणजे १९९२ मध्ये कागदावर ४८ तास होते आणि २०२४ मध्ये सुधारणा म्हणून ७४ सुचवले गेले. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी प्रशिक्षणार्थी डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा ती दीर्घ ड्युटीनंतर सभागृहात विसावली होती. त्यानंतर महाराष्ट्रातील निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ने काम बंद आंदोलन केले. त्यात सुरक्षेची चर्चा झाली, तासांची त्या मानाने कमी.

वसई-विरारचा संबंध कसा?

दुहेरी. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये अस्तित्वात आला, पण शहरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय नाही. त्यामुळे गंभीर रुग्ण महामार्गाच्या कोंडीतून मुंबईकडे जातात आणि डॉक्टर होऊ पाहणारी इथली मुलेही नायर, केईएम, कूपर किंवा जेजेकडे. गावचा रुग्ण आणि गावचा डॉक्टर, दोघांची गाठ पडते ती मुंबईत, गर्दीने भरलेल्या वॉर्डात.

विरार चर्चगेटपासून ६० किलोमीटरवर आहे. जलद लोकलनेही मुंबई सेंट्रलला सव्वा तास लागतो, तोही गाडीत शिरता आले तर. ‘इमर्जन्सी’ची रात्र काढून, सकाळचा राऊंड, मग ओपीडी, मग केसपेपर पूर्ण करून संध्याकाळी सुटणाऱ्याला घरी जाऊन पहाटे परतण्यापेक्षा हॉस्टेलच्या खाटेवर पडणे परवडते. घर जवळ असूनही हातात येत नाही. लातूर किंवा नांदेडहून आलेल्याच्या घरच्यांनी दूरत्व मान्य केलेले असते. ‘इथे तर आहेस, मग येत का नाहीस?’ हा प्रश्न वसईकराच्या वाट्याला येतो.

कुटुंबाचा ताण नेमका कुठे?

केवळ वेळ कमी पडतो असे नाही. वेळ कधी मिळेल हे सांगता येत नाही, ही खरी अडचण. ड्युटीचा तक्ता ऐन वेळी बदलतो. सणांना अदलाबदल चालते : गणपतीत एक जण थांबतो, बदल्यात नाताळला सुट्टी घेतो. वसईसारख्या ठिकाणी ते जुळूनही येते. आईचे आजारपण, मुलाचा ताप मात्र तक्ता पाहून येत नाही. पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे नेमकी लग्न आणि मूल यांच्या वयात येतात. स्त्री डॉक्टरला प्रसूती रजेचा हक्क आहे, पण रजेमुळे प्रशिक्षण लांबते, आणि ती नसताना तिचे काम त्याच युनिटमधील सहकाऱ्यांवर पडते. पर्यायी डॉक्टर मिळत नाही. रजा हक्काची असूनही उपकारासारखी घ्यावी लागते ती यामुळे.

तासांची मर्यादा पुरेशी आहे का?

न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन या १८ वर्षांच्या तरुणीचा रुग्णालयात मृत्यू झाल्यावर निवासी डॉक्टरांच्या तासांवर चर्चा पेटली. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, युरोपीय संघात सरासरी ४८ तासांची. पण तास कमी केले की रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे सोपवण्याचे प्रसंग वाढतात आणि तिथे माहिती निसटते, हाही तिथला अनुभव. मनुष्यबळ न वाढवता फक्त तास कापले तर तेच काम कमी वेळात उरकावे लागते.

मदत कुठे?

रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. मात्र तिथे तपासणारा अनेकदा आपल्याच बॅचचा असतो, म्हणून पाऊल अडखळते. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास, मोफत आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.