स्टंपावरचा रुपया

आमच्या पांढुर्ण्यात मागील महिन्यात एका शाळेचे काही माजी विद्यार्थी एकत्र जमले होते. त्यांचे एक गुरुजी दोन वर्षांमागे निवर्तले. दिवसा ते गणित शिकवीत व सायंकाळी मुलांकडून कबड्डी आणि खो-खो करून घेत. त्यांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवावी, याविषयी दुमत नव्हते. वर्गणीही जमू लागली होती. वाद उपस्थित झाला तो ती कोणास द्यावी यावर. कोणी म्हणे, गणितात पहिला येईल त्यास. कोणी म्हणे, उत्तम खेळाडूस. आम्हांस विचारले, तेव्हा आम्ही उत्तर टाळले. घरी परतल्यावर मात्र मनात रमाकांत आचरेकर सरांचा रुपया घोळत राहिला.

आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरी करीत. प्रथम दर्जाचा एकच सामना त्यांच्या वाट्यास आला. परंतु मुंबईच्या शिवाजी पार्कवर व शारदाश्रम विद्यामंदिरात त्यांनी जी मुले घडविली, त्यांत सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे यांची नावे आहेत. सचिन १९८४ साली त्यांच्याकडे आला, तेव्हा अकरा वर्षांचा होता. दिवसभराच्या सरावाने तो थकला, की सर मधल्या स्टंपावर एक रुपया ठेवीत. जो गोलंदाज त्यास बाद करील त्याचा तो रुपया; कोणीच बाद करू शकला नाही, तर सचिनचा. अशी तेरा नाणी त्याने मिळविली व पुढे जपून ठेवली. कौतुकाचा शब्द मात्र सरांनी कधी उच्चारला नाही, हे त्याने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात हसतच सांगितले.

सर २ जानेवारी २०१९ रोजी वारले. ३ डिसेंबर २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीदिनी, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. ते योग्यच झाले. तरीही आमच्या मते त्यांचे खरे स्मारक तो रुपयाच. त्याचे मोल किती, हा प्रश्नच गौण आहे. तो सकाळी, मुलगा ताजातवाना असताना, ठेवला जात नसे. पाय जड झाल्यावर, आता पुरे असे वाटू लागल्यावर तो स्टंपावर येई.

विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचेही उदाहरण असेच आहे. भीमराव आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत केळुसकरांनी त्यांस स्वलिखित बुद्धचरित्र दिले. परंतु त्याहून मोलाचे कार्य पुढे घडले. इंटरनंतर वडिलांचा हात आखडला, शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा केळुसकरांनीच त्यांस सयाजीराव महाराजांकडे नेले व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली.

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात मुलांचे पाय जड होतात ते कापूस वेचणीच्या दिवसांत. वर्गातील बाके ओस पडतात. एका बापास आम्ही एकदा विचारले असता तो म्हणाला, "फादर, पोट्टं शाळेत गेलं त कापूस कोन वेचन?" याचे उत्तर आम्हांपाशी नव्हते. गुरुजी मात्र वावरात जात, बापाशेजारी उभे राहून दोन सरी स्वतः वेचीत आणि सायंकाळी मुलास मैदानावर आणीत. गणित मागाहून शिकविता येते, असे ते म्हणत.

म्हणून आम्ही पुढील बैठकीत असे सुचविले, की गुणपत्रिका व पदके तूर्त बाजूस ठेवावीत. वेचणीच्या दिवसांत ज्याचे नाव हजेरीपटावरून गळण्याची भीती आहे, अशा एका मुलास वा मुलीस ही रक्कम द्यावी. समजा, १,००,००० रुपये ठेवीत ठेवले व सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षास ७,००० रुपये येतात. ते संमेलनात एकदम हार घालून न देता ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दरमहा १,७५० असे आईच्या हाती द्यावेत. मुद्दलास हात लावू नये. उलट दरवर्षी त्यात थोडी भर घालावी, कारण महागाई व्याजासाठी थांबत नाही. निवड वर्गशिक्षकांनी करावी. निवडलेल्या मुलाचे नाव व्यासपीठावरून पुकारू नये. गरिबीस टाळ्या नकोत.

एवढे सर्वांस मान्य झाले. खेळाडूंचा आग्रह धरणाऱ्यांनी एकच अट घातली, ती आम्हांस आवडली: मुलाने सायंकाळी मैदानावर आले पाहिजे, मग तो कसाही खेळो.

देणगीदारांच्या नावांचा संगमरवरी फलक लावावा की नाही, यावर मात्र रात्री दहापर्यंत चर्चा झाली व ती अपुरीच राहिली.