शिळेवर उमटलेली पुराणे

यवतमाळात ‘शकुंतला’ म्हटले की आधी मूर्तिजापूरची गाडी आठवते. कापसासाठी टाकलेला तो नॅरोगेज मार्ग सुरू होण्याच्या काही वर्षे आधी, १८९४ मध्ये, मुंबईतल्या एका नव्या छापखान्यातून ‘शकुंतला जन्म’ नावाचे रंगीत चित्र बाहेर पडले. छापखाना राजा रविवर्म्याचा होता आणि त्याचे पहिले चित्र म्हणून याचाच उल्लेख होतो.

चित्रात मेनका तान्ह्या मुलीला पुढे करते आहे आणि विश्वामित्राने तोंड फिरवून हात आडवा धरला आहे. बापाने लेकीला नाकारल्याचा तो क्षण. कथा महाभारतातली, पण अंगाची ठेवण, कापडाच्या चुण्या आणि तो नाट्यमय हात युरोपीय चित्रशाळेतला. त्या शाळेचे मूळ शोधत गेले तर ग्रीक शिल्पापाशी पोचता येते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येही तेव्हाचे विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवत. ग्रीसचे देव इकडे कुणाच्या देव्हाऱ्यात आले नाहीत, त्यांची शरीरे मात्र आपल्या देवांना मिळाली.

छपाईचे तंत्र साधे, पण चिकाटीची परीक्षा पाहणारे. बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा ओली करायची आणि वरून शाई फिरवायची. ओल्या भागाला शाई चिकटत नाही, तेलकट रेषेला चिकटते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. कागद दर वेळी अचूक त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर देवीचे ओठ गालावर सरकायचे. शेवटी रोगण चढवले की चित्राला तैलचित्राची झाक यायची, म्हणून त्याला ओलिओग्राफ म्हणत. हौशी घरांत त्यावर जरी आणि टिकल्याही लावल्या जात.

महाराष्ट्राला हे अगदी नवे नव्हते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली होती आणि तिच्या राम पंचायतनाने कितीतरी घरांच्या भिंती व्यापल्या होत्या. रविवर्म्याचा छापखाना प्लेगच्या साथीनंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर याच्या मालकीचा झाला. दादासाहेब फाळक्यांनी तिथे काम केले. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातली माणसे उभी राहतात, वळतात, तेव्हा ही छापील चित्रे नजरेसमोर येतातच.

युरोपात पुराणकथा छपाईत वेगळ्याच वाटेने गेली. पाब्लो पिकासोने १९३१ मध्ये रोमन कवी ओव्हिडच्या ग्रंथासाठी ३० एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून काढलेली छापचित्रे, केली. १९३० ते १९३७ या काळातल्या त्याच्या १०० छापचित्रांच्या ‘व्होलार’ मालिकेत मिनोटॉर, म्हणजे क्रीट बेटावरच्या चक्रव्यूहातला बैलमुखी राक्षस, पुन्हा पुन्हा येतो. एका चित्रात तो आंधळा आहे, काठी टेकत चालला आहे आणि एक लहान मुलगी त्याला वाट दाखवते आहे. मूळ कथेत असा प्रसंग नाही. पिकासोने राक्षसाच्या अंगात स्वतःची वासना, अपराध आणि दुबळेपण घातले. ही चित्रे मोजक्या प्रतींत निघाली आणि संग्राहकांकडे गेली.

पिकासोला हे मोकळेपण मिळाले, कारण ग्रीकांच्या झ्यूस देवाला आता कुणी नैवेद्य दाखवत नव्हते. आपल्याकडच्या छापील लक्ष्मीला मात्र हळदकुंकू लागत होते. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत जाऊ दिले जात नव्हते, त्यांच्याही भिंतीवर ती आली. कलासमीक्षकांनी या चित्रांना भडक म्हटले, आणि रंगांपुरते ते बरोबरही होते. पण चार पैशांच्या कागदाने देव घरात आणला, हे काम कुठल्याही दालनातल्या चित्राने केले नाही. विश्वामित्राला पिकासोसारखे आतून उसवून पाहणारे छापचित्र मात्र त्या छापखान्यांतून निघाले नाही, आणि ही उणीव खरी आहे.

वणी, पुसद, दारव्ह्याकडच्या जुन्या घरांत अशी एखादी तसबीर माळ्यावर पडली असेल तर ती रद्दीत घालण्याआधी नीट पाहावी. खालच्या कडेला बहुधा छापखान्याचे नाव असते. भिंगातून शिळाछापाचे ठिपके ओबडधोबड, विखुरलेले दिसतात. पुढच्या काळातल्या ऑफसेट कॅलेंडरावर ते ओळीने, सारख्या अंतरावर बसलेले असतात. चित्र ओल्या फडक्याने पुसू नये, रोगण आणि रंग दोन्ही सुटतात. मागचा जुना पुठ्ठा आम्लामुळे कागद पिवळा आणि ठिसूळ करतो, तो बदलून आम्लरहित पुठ्ठा घालावा. विदर्भाच्या उन्हाची तिरीप पडते त्या भिंतीवर आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर फ्रेम लावूच नये.