टर्बो मोटारीची शक्ती वाढविताना : कोणता बदल आधी, कोणता नंतर?

लहान इंजिनाला टर्बोचार्जरची जोड देऊन अधिक शक्ती मिळविण्याची पद्धत भारतीय रस्त्यांवर आता सर्वपरिचित झाली आहे. एक लिटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आज ११५ पी.एस. शक्ती देऊ शकते. याच इंजिनातून आणखी शक्ती काढून देणारी गॅरेजे देशातील बहुतेक मोठ्या शहरांत आहेत आणि टर्बो इंजिनाच्या बाबतीत त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. मात्र, कोणता बदल प्रथम करावा, कोणता टाळावा आणि कोणता बदल कायद्याच्या चौकटीबाहेर जातो, याचा विचार न करता केलेला खर्च अखेरीस इंजिनाचे काम काढण्यापर्यंत जातो. त्यामुळे या बदलांमागील शास्त्र वाहनधारकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

टर्बोचे तत्त्व

इंजिनाची शक्ती किती इंधन जाळता येते यावर आणि इंधनाचे ज्वलन किती हवा उपलब्ध आहे यावर अवलंबून असते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. साधे इंजिन वातावरणाच्या दाबावर जेवढी हवा आत ओढेल तेवढ्यावरच चालते. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवून त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी मांडली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. आजचा टर्बोचार्जर त्याच तत्त्वावर चालतो.

हवा दाबली की ती तापते आणि येथेच सर्व अडचणींचे मूळ आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा दुप्पट दाबापर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे १२५ अंशांपर्यंत जाते. तापलेली हवा विरळ असल्यामुळे दाब दुप्पट होऊनही हवेची घनता दीडपटच वाढते. तीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ५० अंशांपर्यंत थंड केली, तर घनता जवळजवळ १.९ पट होते. म्हणजेच दाब अजिबात न वाढविता केवळ थंडाव्यामुळे इंजिनाला कितीतरी अधिक हवा मिळते.

नॉकिंगचा धोका

तापलेल्या हवेचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीपासून ज्वाला क्रमाक्रमाने पसरणे अपेक्षित असते. दाब आणि तापमान मर्यादेबाहेर गेल्यास ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण एकदम पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. त्याचे धक्के पिस्टन आणि बेअरिंग यांना सहन करावे लागतात. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर मोठा भार आल्यास ठिणगीपूर्वीच ज्वलन होण्याचा प्रकारही आढळतो. अशा एखाद्याच प्रसंगाने पिस्टन फुटू शकतो.

या धोक्याची जाणीव जुनी आहे. अमेरिकेत १९६२ मध्ये आलेली ऑल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बोचार्जर बसविलेल्या पहिल्या प्रवासी मोटारींपैकी एक होती. साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळविताना नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण स्वतंत्र टाकीतून इंजिनात सोडले जाई. ही टाकी भरण्याकडे अनेक मालकांनी दुर्लक्ष केले, तक्रारी वाढल्या आणि पुढे कंपनीला अनेक मोटारींचा टर्बोच काढून द्यावा लागला. शक्ती वाढविणारा भाग आणि त्याला आधार देणारी व्यवस्था यांची फारकत करता येत नाही, हा धडा आजही लागू आहे.

आरंभ तपासणीपासून

अनुभवी मेकॅनिक पहिला रुपया शक्ती वाढविण्यावर खर्च करू देत नाहीत. इंजिन मूळ स्थितीत निरोगी आहे का, हे आधी पाहिले जाते. सर्व सिलिंडरमधील दाब समान आहे का, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांतून हवा गळते का, स्पार्क प्लग आणि कॉइल यांची अवस्था कशी आहे, ऑइल वेळेवर बदलले आहे का, या गोष्टी तपासल्या जातात. गळकी नळी बदलल्यावर किंवा तुंबलेले एअर फिल्टर काढल्यावर हरवलेला पिकअप परत आल्याची उदाहरणे कमी नाहीत. ब्रेक आणि टायर यांचा क्रमही येथेच लागतो. अधिक वेगाने धावणारी मोटार तितक्याच खात्रीने थांबली पाहिजे.

ई.सी.यू. रीमॅप : सर्वांत परिणामकारक बदल

आधुनिक इंजिनात टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ हे सर्व ई.सी.यू. हा संगणक ठरवितो. वेगवेगळ्या दर्जाचे इंधन, उन्हाळा, उंच प्रदेश आणि देखभालीतील हलगर्जीपणा या सर्वांचा विचार करून कंपनी त्यात राखीव मर्यादा ठेवते. रीमॅप म्हणजे या आज्ञावलीत बदल करून त्या राखीव मर्यादेचा काही भाग वापरात आणणे. खर्चाच्या तुलनेत सर्वाधिक शक्ती याच बदलातून मिळते. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात मात्र दाब वाढविण्याची सोयच नसल्यामुळे रीमॅपचा लाभ अत्यल्प असतो.

यासाठी स्वस्त पर्याय म्हणून सेन्सर आणि ई.सी.यू. यांच्यामध्ये जोडण्याचे छोटे बॉक्सही मिळतात. प्रत्यक्ष दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचा खोटा संकेत देऊन हे बॉक्स संगणकाला दाब वाढविण्यास भाग पाडतात. ते काढून टाकणे सोपे असले, तरी साध्या बॉक्सना ठिणगीच्या वेळेवर थेट नियंत्रण ठेवता येत नाही. त्यामुळे जाणकार लोक डायनोवर मोजमाप घेत, नॉकिंगची नोंद पाहत केलेल्या रीमॅपला पसंती देतात.

इंधनाचा प्रश्न याच टप्प्यावर सोडवावा लागतो. भारतात नेहमीच्या पेट्रोलखेरीज ९५ ऑक्टेनपासून पुढचे प्रीमियम पेट्रोल मिळते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोलही बाजारात आणले. ऑक्टेन अंक जितका मोठा, तितका नॉकिंगला विरोध अधिक. परंतु केवळ १०० ऑक्टेनवर बेतलेला रीमॅप करून महामार्गावरील लहान पंपावर साधे पेट्रोल भरण्याची वेळ आली, तर इंजिनाची सुरक्षितता नॉकिंग ओळखणाऱ्या सेन्सरवरच विसंबून राहते. जे इंधन नेहमीच्या प्रवासात सर्वत्र मिळते, त्यालाच अनुसरून रीमॅप करणे शहाणपणाचे ठरते.

गिअरबॉक्सची मर्यादा

शक्तीचा आकडा सांगितला जातो, पण क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यावर ताण येतो तो टॉर्कचा. भारतात कुशाक, टायगून, स्लाव्हिया आणि व्हर्टस या मोटारींत दिलेले दीड लिटरचे टी.एस.आय. इंजिन याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची शक्ती १५० पी.एस. आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे. त्याच्यासोबत येणाऱ्या सात गिअरच्या, कोरड्या दुहेरी क्लचच्या डी.एस.जी. गिअरबॉक्सची निर्मात्याने ठरविलेली क्षमताही २५० न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे मूळ स्थितीतच गिअरबॉक्स आपल्या मर्यादेवर काम करीत असतो.

तरीही मार्ग अगदीच बंद होत नाही. शक्ती म्हणजे टॉर्क आणि इंजिनाच्या फेऱ्या यांचा गुणाकार. तेच २५० न्यूटन-मीटर मिनिटाला ५,००० फेऱ्यांपर्यंत टिकविता आले, तर गणिताने सुमारे १७८ पी.एस. शक्ती मिळते. खालच्या फेऱ्यांवरील टॉर्क न वाढविता वरच्या फेऱ्यांवर तो टिकवून ठेवणारा रीमॅप गिअरबॉक्स, कनेक्टिंग रॉड आणि क्लच या सर्वांना सुसह्य असतो. पेडल दाबताच पाठीला बसणारा धक्का त्यात कमी जाणवतो. परंतु मोटारीचे आयुष्य वाचते.

इंटरकूलर आणि एक्झॉस्ट

रीमॅपनंतर मोठा इंटरकूलर हा सर्वांत समंजस बदल मानला जातो. विदर्भात किंवा राजस्थानात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा घाटात किंवा लागोपाठ वेग घेताना लहान इंटरकूलर स्वतःच तापून राहतो, ई.सी.यू. ठिणगी उशिरा देऊ लागतो आणि वाढविलेली शक्ती नेमकी गरजेच्या वेळी नाहीशी होते. मोठा इंटरकूलर शक्तीच्या कमाल आकड्यात फारशी भर घालत नसला, तरी ती शक्ती टिकवून ठेवतो. मात्र त्याचा आकार अवाजवी असल्यास हवा भरण्यास वेळ लागतो आणि पिकअप मंदावतो.

टर्बोनंतरची रुंद एक्झॉस्ट नळी टर्बोला मोकळेपणा देते. परंतु अनेकदा तिच्यासोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला जातो. असा बदल प्रदूषण मानकांचा भंग करणारा आहे. पी.यू.सी. चाचणी मुख्यतः इंजिन जागेवर चालू ठेवून केली जात असल्यामुळे ती उत्तीर्ण होणे म्हणजे वाहन मानकांत बसते, असे नव्हे. मोकळ्या एअर फिल्टरमुळे आवाज वाढतो. शक्तीतील भर बहुधा किरकोळ असते.

मोठा टर्बो आणि डिझेल इंजिन

मोठा टर्बो बसविण्याचा निर्णय घेतल्यास खर्चाची साखळीच सुरू होते. अधिक हवेला अधिक इंधन हवे, म्हणून इंजेक्टर आणि पंप बदलावे लागतात. वाढलेल्या दाबासाठी फोर्ज्ड पिस्टन आणि रॉड, त्यानंतर क्लच लागतो. शिवाय मोठे चक्र फिरण्यास उशीर लागत असल्यामुळे शहरातील रहदारीत मोटार पूर्वीपेक्षा मंद वाटू शकते.

डिझेल इंजिनात नॉकिंगची मर्यादा नसते. तेथे धूर आणि एक्झॉस्टचे तापमान ही मर्यादा ठरते. हवेच्या मानाने इंधन जास्त सोडले की काळा धूर येतो आणि टर्बो तापतो. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतर डिझेल मोटारींत धुराचे कण अडविणारा फिल्टर सर्रास आला असून तो अशा धुराने लवकर तुंबतो. फियाटचे १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन भारतात अनेक कंपन्यांच्या मोटारींत ७५ आणि ९० पी.एस. अशा दोन रूपांत आले होते. ९० पी.एस.च्या रूपात पाती फिरवून हवेचा प्रवाह बदलणारा वेगळा टर्बो होता. १५ पी.एस.साठी निर्मात्यानेही केवळ आज्ञावलीवर विसंबून न राहता यंत्रसामग्री बदलली, ही बाब लक्षणीय आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या तरतुदीचा पुनरुच्चार केला. २०१९ च्या सुधारणेने आणलेल्या कलम १८२ अ अन्वये अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विक्रीपूर्वी वाहनाच्या नमुन्याची चाचणी पुण्यातील ए.आर.ए.आय. सारख्या संस्थांत होते आणि मंजुरी त्याच स्थितीतील वाहनाला मिळते, हे त्यामागील कारण आहे.

बदल विमा कंपनीपासून लपविल्यास अपघातानंतर दाव्याबाबत वाद उद्‌भवू शकतो. रीमॅप केल्यास कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते. आज्ञावली पूर्ववत केली, तरी ती बदलल्याची नोंद अनेक ई.सी.यू.मध्ये राहते. मोठे बदल करू इच्छिणाऱ्यांसाठी चेन्नईजवळील मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही मैदाने सार्वजनिक रस्त्यापेक्षा योग्य ठिकाणे आहेत.

सारांश, प्रथम इंजिनाची प्रकृती, मग ब्रेक आणि टायर, त्यानंतर गिअरबॉक्सची मर्यादा ओळखून व कायद्याची चौकट पाहून केलेला सौम्य रीमॅप आणि त्यासोबत पुरेसा थंडावा, हा क्रम रोजच्या वापरातील मोटारीसाठी पुरेसा आहे. यापुढील प्रत्येक पायरीवर मिळणारी शक्ती कमी आणि लागणारा खर्च अधिक होत जातो. कंपनीने ठेवलेली राखीव मर्यादा उन्हाळ्यातील घाट, निकृष्ट इंधन आणि मोटारीत भरलेले कुटुंब यांच्यासाठी असते. तिच्यातील किती भाग खर्च करावयाचा, हे वाहनधारकाने डोळसपणे ठरविणे हिताचे आहे.