दहावीचं वर्ष

पहाटे 5.20. पारनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर अजून अंधार आहे. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल चोळतो, राळेची पुरचुंडी कट्ट्यावर ठेवतो. पोरी येतात त्या घरच्या धारा, झाडलोट उरकून.

5.45. लहान्या दोरीवर, मोठ्या खांबावर. अढी, तेढी, फरारा, ताजवा असे मल्लखांबाचे प्रकार चालतात. या पोरींतल्या दोघींना मला जिम्नॅस्टिक्सकडे न्यायचंय. खांबावर कमावलेली पकड आणि खांद्यांतलं बळ बारवर आयतं कामी येतं. अडतं ते उडण्यापाशी. मल्लखांबात अंग खांबाला चिकटून असतं. व्हॉल्टला धावत येऊन ते हवेत सोडून द्यायचं असतं. त्याला स्प्रिंगबोर्ड लागतो, फोमचा खड्डा लागतो. आमच्याकडे कापसाच्या गाद्या आणि ट्रॅक्टरचे जुने टायर. म्हणून अवघड कोलांट्या मी इथं शिकवतच नाही. मान एकच असते.

6.40. बीम म्हणजे शहाबादी फरशीवर खडूनं आखलेला 10 सेंटिमीटर रुंद, 5 मीटर लांब पट्टा. खरा बीम सव्वा मीटर उंच असतो. पट्ट्यावर पाय चुकायचा थांबला की पोरगी कट्ट्यावर चढते.

10.30. शाळा. पीटीचे दोन तास, बाकी वेळ माहिती भरण्यात. त्याविषयी काय लिहायचं!

1.15. मधल्या सुट्टीत एका मुलीची आई आली. माझी सगळ्यांत चांगली मुलगी.

"सर, यंदा दहावी हाय तिची. खेळ बंद करा म्हणत्यात तिचे वडील."

"ताई, बसा आधी."

भांडण जुनंच आहे. ऑलिंपिकच्या वर्षी मुलीला 16 पूर्ण व्हायला लागतात. म्हणजे तयारीची मोलाची वर्षं आणि बोर्डाची परीक्षा एकाच वयात येऊन आदळतात. मी जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं सांगितलं. आगरतळ्याची मुलगी, तळपाय सपाट, सहाव्या वर्षी सुरुवात, प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी. 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य. 14 ऑगस्ट 2016 ला रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत तिला 15.066 गुण मिळाले आणि कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकलं. तिथून परतली ती थेट एम.ए.च्या पेपरला बसली.

ताईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तिचे पेपर ऑलिंपिकनंतर व्हते. हिचे तर आधीच हायत!"

यावर काय बोलणार? हसलो आणि चहा मागवला.

5.00. संध्याकाळच्या सरावाला ती मुलगी आली नाही. बाकीच्यांचे स्प्लिट्स, हँडस्टँड, पोटाचे व्यायाम. सातला मैदान रिकामं.

8.30. तिच्या वडिलांना फोन केला. पदकाचं आमिष मी दाखवत नाही. या तालुक्यातून ऑलिंपिकला जिम्नॅस्ट जाईल असं म्हणणं आज तरी थापच ठरेल. राज्य पातळीवर खेळली तर बोर्डात वाढीव गुण मिळतात, तेवढं सांगितलं. ते त्यांना पटकन पटलं. मग माझी खरी गोष्ट काढली: "भाऊ, या वयात अंग झपाट्यानं वाढतं. वर्षभर पूर्ण थांबली तर उंची वाढलेली, वजन वाढलेलं, तोल बदललेला. जुनी उडी त्या नव्या अंगाला येत नाही. तिथंच पोरी पडतात, आणि मग आपणहून खेळ सोडतात."

तडजोड झाली. सकाळी पाऊण तास, संध्याकाळ अभ्यासाला, परीक्षेआधीचा महिना पूर्ण सुट्टी.

दहावीच्या मुलींच्या पालकांना माझं एवढंच मागणं आहे: खेळ कमी करा, बंद करू नका. घाई कुठं आहे? दीपा 2024 च्या मे महिन्यात ताश्कंदला व्हॉल्टमध्ये आशियाई विजेती झाली, तेव्हा 30 वर्षांची होती. त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकला 27 वर्षांच्या सिमोन बाइल्सनं 3 सुवर्णपदकं घेतली.