संस्थेची धुरा कुणाच्या खांद्यावर?

संस्था आणि माणसं : भाग सहा

राजारामपुरी म्हटलं की कोल्हापूरकरांच्या डोळ्यांपुढे येतात त्या क्रमांकाच्या गल्ल्या, कपड्यांची दुकानं, दवाखाने आणि संध्याकाळी फुलणारा मुख्य रस्ता. छत्रपती राजाराम महाराजांचं नाव मिरवणाऱ्या या उपनगरातच ताराराणी विद्यापीठाचा परिसर आहे. कमला कॉलेज इथलंच. आजूबाजूच्या तालुक्यांतून एसटीनं येणाऱ्या मुलींच्या कित्येक पिढ्या इथून शिकून गेल्या. ही संस्था उभी केली डॉ. व्ही. टी. पाटील यांनी. सगळे त्यांना काकाजी म्हणत. १९६२ मध्ये ते कोल्हापूरचे खासदार झाले, पण गावानं त्यांना लक्षात ठेवलं ते संस्था उभ्या करणारा माणूस म्हणून.

शिक्षणसंस्थेचा पैसा कुठून येतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. या वेळी प्रश्न माणसांचा आहे. जो समाज शिक्षणापासून लांब ठेवला गेला, त्याच्यासाठी काढलेली संस्था चालवायची कुणी? ज्यांनी पैसा दिला त्यांनी, की ज्यांची मुलं तिथं शिकणार आहेत त्यांनी?

हा प्रश्न जगभर आहे. ग्वाटेमालात माया समाजाची मुलं अनेक पिढ्या स्पॅनिशमधून शिकत आली, म्हणजे घरात कधी कानावर न पडलेल्या भाषेतून. त्या देशात बावीस माया भाषा बोलल्या जातात. १९६० पासून छत्तीस वर्षं चाललेल्या यादवी युद्धात सर्वाधिक बळी याच समाजाचे गेले. माया मुलांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या, शाळांना मदत करणाऱ्या संस्था परदेशांतही निघाल्या आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण कारभाराच्या दृष्टीनं मोठा बदल घडला १९९० मध्ये. त्या वर्षी कायद्यानं स्थापन झालेल्या माया भाषा अकादमीच्या सर्वोच्च मंडळावर प्रत्येक भाषिक समाजाचा स्वतःचा प्रतिनिधी बसू लागला. पुढे देमेत्रिओ कोख्ती हे काक्चिकेल माया अभ्यासक देशाचे शिक्षण उपमंत्री झाले. वर्गातल्या बाकावरून धोरण ठरवणाऱ्या टेबलापर्यंत माणूस पोचायला त्या समाजाला एवढा काळ लागला.

कोल्हापुरात या प्रश्नाला शाहू महाराजांनी फार लवकर हात घातला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी जैन बोर्डिंगही. पुढच्या काळात लिंगायत, मुस्लिम, शिंपी, सुतार, सारस्वत, ख्रिश्चन अशी जवळपास वीस वसतिगृहं या शहरात निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उघडलं. जागा, इमारत, वार्षिक अनुदान दरबारचं, पण रोजचा कारभार बहुतेक ठिकाणी त्या त्या समाजातल्या मंडळींच्या समितीकडे. जातवार वसतिगृहं काढल्याबद्दल महाराजांवर तेव्हा टीका झाली आणि आजही होते. मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. वर्गणी गोळा करणं, हिशेब ठेवणं, सभा बोलावणं, इतिवृत्त लिहिणं ही कामं ज्यांच्या घराण्यात कुणी कधी केली नव्हती, अशा माणसांच्या हाती ती पहिल्यांदा आली. बोर्डिंगनं मुलांना जेवण आणि निवारा दिला. वडीलधाऱ्यांना संस्था चालवायला शिकवलं.

महाराज प्रत्येक ठिकाणी बाजूला राहिले, असंही नाही. मुस्लिम समाजातून पुढाकार येईना, तेव्हा आधी त्यांनी काही मुस्लिम मुलांची सोय मराठा बोर्डिंगमध्ये केली. मग १९०६ मध्ये समाजाची बैठक बोलावून मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. माणसं तयार होईपर्यंत धुरा आपण उचलायची, हा विचार त्यामागे दिसतो. मुलींच्या शिक्षणाचं खातं त्यांनी रखमाबाई केळवकर यांच्याकडे सोपवलं. त्या काळात मुलींच्या शाळांचा कारभार एका बाईच्या हाती देणं सोपं नव्हतं. रखमाबाईंची मुलगी कृष्णाबाई पुढे डॉक्टर झाली आणि तिनं कोल्हापुरातच काम केलं.

घरातही महाराजांनी हेच धरून ठेवलं. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी वारले. त्यांच्या विधवा पत्नी इंदुमतीदेवी तेव्हा अगदी लहान होत्या. विरोध पत्करून महाराजांनी त्यांना सोनतळीला ठेवून शिकवलं, आणि सोबत शिकायला वेगवेगळ्या जातींच्या मुली दिल्या. याच इंदुमतीदेवींनी पुढे कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी ललिता विहारसारख्या संस्था काढल्या.

शाहू महाराजांच्या छायेत वाढलेला एक विद्यार्थी या कथेत पुढे बराच काळ केंद्रस्थानी राहतो. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून राजाराम हायस्कूलमध्ये शिकले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, आणि स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामं वाटून घेत. जातवार बोर्डिंगात शिकलेल्या माणसानं पंगत एक केली, हे इथं ठळकपणे सांगायला हवं. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव दिलं. मुलांच्या जेवणाची अडचण झाली तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही विकलं. संस्थेच्या कागदोपत्री त्यांचं पद कोणतंही असो, वसतिगृह उभं राहिलं ते त्यांच्या चुलीवर.

रयतनं आपले चालक बाहेरून आणले नाहीत, वसतिगृहातून घडवले. पी. जी. पाटील लहानपणी भाऊरावांच्या वसतिगृहात आले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन रयतच्याच कॉलेजात प्राचार्य झाले. शिवाजी विद्यापीठाचं कुलगुरुपदही त्यांनी भूषवलं. प्रा. एन. डी. पाटील साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात प्राध्यापक होते आणि ‘कमवा व शिका’ योजनेचे रेक्टरही. पुढे बरीच वर्षं तेच रयतचे चेअरमन होते. गरीब मुलाला शिकवताना काय अडतं, हे त्यांना अहवालातून वाचावं लागलं नाही.

राजारामपुरीच्या काकाजींकडे परत यायचं ते गारगोटीसाठी. १९५२ मध्ये त्यांनी आणि जे. पी. नाईक यांनी तिथं मौनी विद्यापीठ उभारलं. नाव दिलं पाटगावच्या मौनी महाराजांचं. जागा निवडली भुदरगड तालुक्यातली, डोंगरांच्या कुशीतली. शहरात कॉलेज काढून खेड्यातल्या मुलाला तिकडे बोलावण्यापेक्षा विद्यापीठच खेड्यात नेऊन ठेवायचं, अशी ही कल्पना होती. शिक्षक-प्रशिक्षण, ग्रामीण उच्च शिक्षण आणि शेती यांची सांगड तिथं घातली गेली.

नाईक मूळचे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, जन्म १९०७ चा. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, सुटल्यावर धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी गावात राहून त्यांनी ग्रामसुधारणेचं काम केलं. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा त्यांनीच प्रामुख्यानं मांडला. दिल्लीत एवढं मोठं पद मिळालेल्या माणसाची मुळं बहिरेवाडीत आणि गारगोटीत होती, ही कोल्हापूर जिल्ह्यानं अभिमानानं सांगावी अशी गोष्ट. आजही अनेक शाळांत त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं, याची खंत वाटते.

त्यांच्या सहकारी आणि पत्नी चित्रा नाईक पुण्याच्या. गारगोटीत त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचं काम केलं, नंतर त्या राज्याच्या शिक्षण संचालक झाल्या आणि नियोजन आयोगाच्या सदस्यही. पण आजच्या प्रश्नाचं सर्वांत नेमकं उत्तर त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत दिलं. १९७९ नंतर भारतीय शिक्षण संस्थेमार्फत त्यांनी दिवसा गुरं राखणाऱ्या, धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलामुलींसाठी रात्रीचे वर्ग चालवले. शिकवणारा गावातलाच असायचा आणि त्याची निवड गाव करायचं. परीक्षेच्या धाकाऐवजी मुलांची जत्रा भरायची आणि त्यात कोण किती शिकलं ते दिसायचं.

कोल्हापुरातच लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेलं सृजन आनंद विद्यालयही याच परंपरेत मोडतं. ना. सी. फडके यांची ही कन्या. शिक्षक घडवण्यात आयुष्य घालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी लहान मुलांची मराठी शाळा काढली. वर्गात काय घडलं ते शिक्षकानं रोज लिहायचं आणि एकत्र बसून त्यावर बोलायचं, असा तिथला शिरस्ता. २०२० मध्ये लीलाताई गेल्या. आपण लिहिलेलं सहकाऱ्यांपुढे ठेवणारा शिक्षक दुसऱ्याच्या हुकमाची वाट पाहत बसत नाही. संस्थेचा विचार करण्याची सवय त्याला तिथंच लागते.

१९८० च्या दशकात महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र बदललं. अनेक विश्वस्त मंडळांत एकाच घरातली माणसं दिसू लागली. अशा संस्थांतही चांगलं शिक्षण मिळू शकतं, पण शिकून बाहेर पडलेल्या मुलाला कारभारात जागा मिळण्याची वाट तिथं बंद होते. भाऊराव आणि काकाजींच्या जिल्ह्यात तरी हे सहज स्वीकारलं जाऊ नये.

सामान्य पालकाला याबाबत काही करता येतं का? येतं. प्रत्येक सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो आणि विश्वस्तांची नावं तिथल्या नोंदवहीत असतात. विश्वस्त बदलला की १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. म्हणजे आपल्या मुलीच्या कॉलेजचे विश्वस्त कोण, त्यांतले किती जण कधीकाळी तिथं शिकले आणि किती जणी बायका आहेत, हे अर्ज करून उताऱ्याची नक्कल काढली की कळतं. संस्थेची घटनाही त्याच कार्यालयात असते आणि तिच्यात सभासद होण्याची अट लिहिलेली असते. पुढच्या आठवड्यात ती घटना कशी वाचायची ते पाहू.