पाळीतलं दुखणं : कधी दाखवायचं?

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाळी गर्भाशयाबाहेर वाढते. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावरही. पाळीच्या सुमारास तिथे दाह होतो आणि अवयव एकमेकांना चिकटू शकतात. जगात जननक्षम वयातल्या साधारण 10 टक्के स्त्रियांना हा आजार आहे. निदानाला मात्र अनेकदा काही वर्षं जातात, कारण 'लग्न झालं की थांबेल, मूल झालं की थांबेल' असं सांगणारं घरात कुणी ना कुणी असतंच. तसं होईलच असं नाही.

पाळीत शाळा बुडते, मासळीची पाटी उचलवत नाही, शौचाला किंवा शरीरसंबंधाच्या वेळी कळ येते, मूल राहत नाही : यातलं काहीही असलं तर दाखवावंच. मुरुडहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय सुमारे 50 किलोमीटरवर. पाळीत एस्टीचा तो प्रवास नको होतो, म्हणून पाळी नसतानाच जावं. सोबत कालनिर्णयचं पान न्यावं, त्यावर दुखलेले दिवस आणि घेतलेल्या गोळ्या टिपलेल्या. डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

सोनोग्राफी 'नॉर्मल' आली तरी आजार नाही असं ठरत नाही. गरजेप्रमाणे एमआरआय किंवा दुर्बिणीची तपासणी करतात. कायमचा इलाज नाही. वेदनाशामकं, डायनोजेस्टसारखी संप्रेरकं आणि काहींना शस्त्रक्रिया यांनी त्रास आटोक्यात राहतो. सरसकट 'पिशवी काढून टाका' हा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेत या आजारावर संशोधन चालतं.