तबकडीवरचं नाव कानांनाही ऐकू येतं

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकच्या सीमेला टेकलेलं तुरीच्या बाजाराचं गाव. मराठी आणि कन्नड इथे एकाच ओट्यावर नांदतात. भीमसेन जोशींचे अभंग आणि त्यांची कन्नड दासवाणी, दोन्ही घरचीच. अशा गावात काय, सोलापुरात किंवा पुण्यात काय, जुन्या गाण्यांचा विषय निघाला की जुना श्रोता अजून 'एचएमव्ही' म्हणतो. ती कंपनी २००० सालापासून 'सारेगामा' या नावाने चालते. गाणी तीच, गळे तेच. मग जुनं नाव जिभेवरून जात का नाही?

यामागची गोष्ट थक्क करणारी आहे. एचएमव्हीच्या खुणेतला, भोंग्यापुढे कान देऊन बसलेला तो कुत्रा खरोखरच होता. त्याचं नाव निपर. तो १८९५ मध्ये गेला. त्यानंतर फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं. त्या चित्रात ग्रामोफोन नव्हताच, एडिसनचा दंडगोलावर चालणारा फोनोग्राफ होता! १८९९ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना अट घातली : जुनं यंत्र पुसून तिथे आमचं रंगवा. बॅरोने तसं केलं. चित्र आणि हक्क मिळून शंभर पौंड मोजले गेले. म्हणजे आपल्याला अस्सल वाटणारी ती खूण जन्मालाच आली ती जुन्यावर नवा रंग चढवून.

तरी सुरुवातीची काही वर्षं याच कंपनीच्या तबकड्यांवर देवदूताचं चित्र असे. १९०२ मध्ये कंपनीच्या ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा कुत्रा तबकडीवर यायचा होता. पुढे १९३१ मध्ये लंडनची कंपनी ईएमआयमध्ये विलीन झाली आणि १९८०च्या दशकात तिची भारतातली कंपनी, म्हणजे आपली एचएमव्ही, आरपीजी समूहाकडे आली. जगात तर आणखी नवल : अमेरिकेत हाच कुत्रा आरसीएचा झाला, जपानमध्ये जेव्हीसीचा. देशागणिक धनी वेगळा, पण प्रत्येक ठिकाणच्या श्रोत्याला तो आपलाच वाटला.

मग मालक बदलला, नाव बदललं की ग्राहक म्हणतो, 'आता पहिल्यासारखा आवाज राहिला नाही.' हा हट्ट समजायचा का? १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या हरमन कंपनीतल्या ध्वनितज्ज्ञांनी एक प्रयोग मांडला. श्रोत्यांना काही स्पीकर एकदा पडद्याआडून ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून. स्पीकर तेच होते, ऐकणारे कानही तेच. तरीही गुण बदलले. पडद्याआड चांगला ठरलेला लहान, स्वस्त संच दिसल्याबरोबर मागे पडला. श्रोते खोटं बोलत नव्हते. आकार, किंमत, नाव यांविषयी जे आधीच ठाऊक असतं, ते मेंदू आवाजात मिसळून टाकतो आणि त्या मिश्रणालाच आपण 'ऐकणं' म्हणतो.

म्हणून नाव बदलल्यावर होणारी हळहळ खरी असते. ज्या तबकडीवर माणसाने पहिल्यांदा गीतरामायण ऐकलं, त्या तबकडीवरचं चित्र सुरांसोबतच त्याच्या स्मरणात मुरलेलं असतं. कंपनी विकली जाते तेव्हा ध्वनिफिती, हक्क, कारखाने कागदावर हस्तांतरित होतात. कानांची ही सवय मात्र कोणत्याही करारात लिहून देता येत नाही. सॅमसंगने २०१७ मध्ये हरमन विकत घेतली, तरी तिच्या जेबीएल स्पीकरचं नाव जसंच्या तसं राहू दिलं. त्याच वर्षी सारेगामाने 'कारवाँ' आणला : जुन्या रेडिओसारखा दिसणारा, ५००० गाणी पोटात असलेला. हातात नवी वस्तू, ओळख मात्र जुनी. लोकांनी ती उचलून धरली.

देवदूताच्या जागी कुत्रा आला, तेव्हाही कोणीतरी हळहळलंच असेल. पुढच्या पिढीने त्याच कुत्र्याला जीव लावला, कारण त्याच्या खुणेखाली तिला गौहरजाननंतरचे अनेक मोठे गळे ऐकायला मिळाले. नव्या नावालाही हीच एक वाट आहे. जुन्या ध्वनिफिती जपायच्या, आवाज स्वच्छ ठेवायचा, गायक-वादक-कवींची नावं ठळक छापायची. नव्या मालकाने एवढं केलं, तर आज सारेगामाच्या नावाखाली अभंग ऐकणारं दुधनीतलं पोर उद्या त्याच नावासाठी तितक्याच तळमळीने भांडेल.